वाकळीतली मधली जागा

तिसरी सुई तुटली आणि तिचं टोक उडून प्रांजलच्या कपाळाला लागलं. रक्त आलं नाही. तिनं मशीनचं बटण बंद केलं आणि दोन्ही हात वाकळीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. घड्याळात सव्वाआठ वाजले होते. अकराला उंब्रजहून तिचा भाऊ ऋषिराज गाडी घेऊन येणार होता आणि वाकळीचा मधला भाग अजून तसाच होता.

"आता?" खाटेवरून सासूनं विचारलं.

"ही शेवटची हाय, आत्या," प्रांजल म्हणाली आणि पुडीतून उरलेली एकुलती सुई काढून तिनं खोबणीत बसवली. स्क्रू तिनं घट्ट आवळला.

वाकळ बिरदेवच्या शर्टांची होती. बिरदेव म्हणजे सुलाबाईचा मुलगा, प्रांजलचा नवरा. चौदा महिन्यांपूर्वी हायवेवर तो गेला. दिवसकार्य उरकल्यावर सुलाबाईनं त्याचे कपडे कुणाला देऊ दिले नाहीत. माणदेशातल्या त्या गावात निम्म्या घरांतल्या वाकळी तिच्या हातच्या, आणि तिचा एक कायदा होता, की घरातल्या प्रत्येक माणसाचं एक तरी ठिगळ वाकळीत हवंच. तिनं मुलाचे शर्ट फाडले, नवऱ्याचं जुनं धोतर घेतलं, स्वतःच्या लुगड्याचा तुकडा घातला. थर रचून कच्चे टाके घातले आणि मग एके सकाळी चुलीपुढं ती कोसळली. मिरजेच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून परत आली ती चालत आली, पण पाय ओढत, आणि उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

वाकळ अर्धवट पडली. ती पुरी करायचं प्रांजलनं अंगावर घेतलं. खरं तर शिवणात तिची अक्कल साडीला फॉल लावण्यापलीकडं कधी गेली नव्हती. रुखवतातलं मशीन पाच वर्षं ट्रंकेवर धूळ खात होतं. ते तिनं खाली काढलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून ती शिकायला बसली. मशीनला दात असतात, तेच कापड पुढं ओढतात. मागचा खटका सरकवला की दात खाली बसतात आणि कापड मोकळं सुटतं. मग ते हातानं हवं तिकडं फिरवायचं, नागमोडी, गोल, कसंही. व्हिडिओतली बाई बोलता बोलता फुलं काढत होती. प्रांजलचा हात जरा जोरात गेला की टीप लांबट व्हायची, हळू गेला की दोऱ्याची गाठ बसायची, आणि सुईजवळचा पाय खाली करायला विसरली की खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं व्हायचं. एक ओळ धड यायला आठ दिवस गेले.

संध्याकाळी सुलाबाई वाकळ मांडीवर ओढून घ्यायची, उलटी करायची, डाव्या हाताच्या बोटांनी टीप चाचपायची आणि एकच शब्द बोलायची.

"उसव."

प्रांजल ब्लेड घेऊन उसवायला बसायची. पहिले काही दिवस तिला वाटलं, म्हातारी कामाला कडक आहे. मागच्या रविवारी मात्र ओळ इतकी सुबक आली होती, की शेजारच्या चुलत जाऊबाई रंगुबाई हातातलं काम टाकून बघायला आल्या. त्या दिवशीही सुलाबाई 'उसव'च म्हणाली. टिपेकडं तिनं नीट बघितलंही नव्हतं. वाकळ पुरी होऊच नये असं म्हातारीला वाटतंय, हे कळून प्रांजलला फार राग आला. रागापाठोपाठ लाज वाटली, कारण तिला जायचं होतं.

हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. ऋषिराजनं तिच्यासाठी एक स्थळ बघितलं होतं, शिरवळच्या कारखान्यात कामाला असलेला जयराज. कराडात दोनदा भेट झाली. दुसऱ्या भेटीत त्यानं विचारलं, तुम्हाला झोप लागते का? वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिला नीट झोपायचं होतं, कुणासाठी तरी भाजीत मीठ बेतानं घालायचं होतं. सुलाबाईनं चार माणसांत स्वतःच सांगितलं होतं, की पोरीचं वय आहे, तिला न्या. आपलं दोन वेळचं रंगुबाई बघेल, असंही ती म्हणाली होती. पण लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली, ती वाकळीपायी. वाकळ पुरी केल्याशिवाय उठणार नाही, असं प्रांजलच बोलून बसली होती. काल ऋषिराजनं फोनवर निक्षून सांगितलं, की आता तिसऱ्यांदा ती माणसं थांबायची नाहीत.

तिनं मशीन सुरू केलं. नंतर वेळ मिळणार नाही म्हणून सकाळीच ती मोरपंखी साडी नेसून बसली होती. काठाकडून फिरत फिरत ती मध्यावर आली. तिथं वीतभर जागा सुलाबाईनं मोकळी ठेवली होती आणि त्यातून पांढरं अस्तर दिसत होतं. इथं काय लावायचं, असं प्रांजलनं एकदा विचारलं होतं. बघू, एवढंच उत्तर आलं. सुलाबाईच्या कायद्यानं ते ठिगळ कुणाचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. जाणाऱ्या बाईकडं ते मागायचं कसं आणि तिनं ते द्यायचं कुठल्या तोंडानं, म्हणून ती जागा तशीच राहिली होती.

जागा तशीच ठेवून ती वरून टीप घालू लागली. गोल, त्याच्या आत गोल. आणि का कोण जाणे, हात आणि मशीन पहिल्यांदाच एका चालीनं चालू लागले. सुई कुठं अडली नाही, दोरा तुटला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटचा गोल मिटला तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. मशीन टेबलासकट हललं.

मांडीवर घसरलेला पदर वाकळीखाली गेला होता. मधल्या जागेच्या बरोबर खाली, वीतभर, गोलावर गोल टिपांनी तो वाकळीला घट्ट शिवला गेला होता.

ऋषिराज दारात येऊन उभा राहिला. बघितलं आणि त्यानं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"उसवते मी," प्रांजल म्हणाली. टिपा बारीक होत्या, तासभर तरी गेला असता. "जरा थांब, दादा. लगेच उसवते." आणि तिच्याच लक्षात आलं, की आपल्या जिवाला जरा बरं वाटलंय.

सुलाबाई खाटेवरून उठली. पाय ओढत आली, डाव्या हातानं वाकळ उलटी केली आणि रोजच्यासारखी टीप चाचपू लागली. आज फार वेळ चाचपली. प्रांजल ब्लेड हातात धरून त्या एका शब्दाची वाट बघत होती.

"कात्री दे," सुलाबाई म्हणाली.

"आत्या, मी उसवते की."

"उसवायचं न्हाई. चांगली बसलीय टीप." तिनं स्वतःच टेबलावरची कात्री उचलली. "धर ताणून. मला एका हातानं जमायचं न्हाई."

प्रांजलनं आपलाच पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. डाव्या हातात कात्री नीट चालत नव्हती, कापड कापण्यापेक्षा चावत होती. सुलाबाई टिपांच्या कडेकडेनं गोल फिरली. मध्येच दम घ्यायला थांबली, पण कात्री तिनं सोडली नाही. शेवटचा धागा तुटला तसा पदर मोकळा झाला आणि वीतभर मोरपंखी तुकडा वाकळीलाच राहिला.

ऋषिराज म्हणाला, साडी बदल, अशी कशी येशील? प्रांजलनं पदराचं भोक आत दुमडून कमरेला खोचलं आणि ती सासूच्या पाया पडली. सुलाबाईनं तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"वरनं जागा मोकळीच दिसतीया, आत्या," प्रांजल म्हणाली.

"दिसू दे. अंगाकडनं हाय की."

गाडी वळताना प्रांजलनं मागं बघितलं. दार उघडंच होतं. मार्चचं ऊन पार उंबऱ्याच्या आत आलं होतं आणि खाटेवर सुलाबाई गळ्यापर्यंत वाकळ ओढून पडली होती.