कोबीची पिंपे आणि माझा काटा

मी एक जुना आर्द्रतामापक आहे. मित्रांनो, एवढे वाचूनच तुमच्यातले निम्मे पान उलटतील, हे मला माहीत आहे. खुशाल उलटा. माझ्याकडे कोणी पाहत नाही याची मला सवय झाली आहे. जे उरतील त्यांना सांगतो.

माझे अंग पितळेचे, तोंडावर काच आणि पोटात एका बाईचा लांब सोनेरी केस ताणून बसवलेला. हवा दमट झाली की केस सैलावतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याच्या ओढीने माझा काटा फिरतो. मला घडवणाऱ्या कारागिराने तो केस आपल्या बायकोच्या वेणीतून घेतला. ती त्यावरून बरीच कुरकुरली म्हणे. माझा स्वभाव तिच्यावरच गेला असावा.

सर्बियात मोराव्हा नदीच्या काठी आमचे गाव आहे. तिथल्या संग्रहालयाच्या तळघरात मला टांगले. आजूबाजूच्या कपाटांत गावाचे जुने फोटो, नकाशे आणि कागदावरची चित्रे होती. ही मंडळी फार नाजूक. फोटोच्या कागदावर सरसाचा एक पातळ थर असतो आणि त्यातच माणसांचे चेहरे बसलेले असतात. ओल लागली की तो थर फुगतो, चिकट होतो. फोटोंना ओरडता येत नाही. त्यांच्या वतीने ओरडायला मी होतो.

तेव्हाचे प्रमुख वुकाशिनसाहेब सकाळी आले की आधी माझ्यापाशी येत. काचेवर हलकेच टिचकी मारून विचारत, "काय म्हणतोस म्हाताऱ्या?" काटा वर चढलेला दिसला की बाहेरचे कोरडे ऊन बघून वरची छोटी खिडकी उघडत. पाहुण्यांना सांगत, "हा आमचा सगळ्यात खरं बोलणारा नोकर." मी फुगून जायचो. ते माझे चांगले दिवस होते.

वुकाशिनसाहेब गेले आणि त्यांच्या जागी ल्युबिंकाबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या. फोटोंवर त्यांचा फार जीव होता. फक्त आमच्याकडची माणसे लांडग्यालाही भीत नाहीत इतकी वाऱ्याच्या झोताला भितात, आणि बाई त्यात पहिल्या. "ती खिडकी लावा हो! झोत मानेत बसला की आठ दिवस मान वळत नाही," असे म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. ती पुन्हा उघडली नाही.

मग शरद ऋतू आला आणि शिपाई मिलोये डोके खाजवत उभा राहिला. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक घर पिंपभर कोबी मिठाच्या पाण्यात मुरवते. त्याच्याच पानांत खिमा गुंडाळून हिवाळाभर सार्मा शिजतो. पिंपाला थंड, अंधारी जागा लागते.

"बाई, एक पिंप खाली ठेवू का हो? आमच्या तळघरात जावई राहायला आलाय. कोबीपेक्षा जास्त जागा त्यालाच लागते."

"अहो मिलोये, तिथे फोटो आहेत!"

"असेनात का! फोटो काय माझा कोबी खाणारेत?"

बाई हसल्या. "ठेवा बाबा. पण नाताळच्या सार्म्याला चार गड्डे माझे."

पिंप आले आणि नेमके माझ्याखालीच बसले. पुढच्या वर्षी एकाची तीन झाली, कारण बाईंनीही आपले आणले आणि त्यांच्या बहिणीचेही. कोबी नासू नये म्हणून खारे पाणी दर दोन-चार दिवसांनी खालच्या तोटीतून काढून पुन्हा वरून ओतावे लागते. ते काम दोघे डोळ्यांत तेल घालून करत. पाणी जमिनीवर सांडे, आंबट वाफ कपाटांत शिरे आणि माझा काटा वर, आणखी वर चढे. मी आणखी काय करणार होतो? मला तोंड नाही, काटाच आहे!

एकदा बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, सुटलो.

"मिलोये, हा काटा बघा, कायम वरच असतो."

"म्हातारा झालाय. अडकला असेल."

"काढून टाकायला हवा कधीतरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, तरी गेली.

आता दारिंकामावशीबद्दल सांगतो. नदीकाठच्या घरात ती एकटी राहायची. पुराने तिचे सगळे नेले, उरला एक फोटो. त्यात लग्नाच्या वऱ्हाडात तिची आई उभी होती, आत्याचा हात धरून. आईचा दुसरा फोटो जगात नव्हता. "माझ्या घरी ओल फार. तुमच्याकडे नीट राहील," असे म्हणत तिने तो स्वतःच्या हाताने संग्रहालयात दिला होता. त्याची प्रत काढायचे बाईंच्या मनात होते, पण ते राहूनच गेले. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक राखणदार संत असतो; दर हिवाळ्यात, त्या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी, अक्रोड घालून शिजवलेला गहू घेऊन मावशी आईला बघायला यायची.

त्या वर्षीही ती आली. बाईंनी कपाट उघडले. आईचा फोटो वरच्या फोटोला चिकटून बसला होता.

"जरा थांब हं मावशी, आत्ता सोडवते."

"सोडव बाई, पण जपून."

ओढू नका, मी काट्याने ओरडत होतो. बाईंनी ओढला. बारीकसा आवाज झाला. वऱ्हाड जागच्या जागी राहिले आणि आईचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीवर निघून गेला.

मावशी म्हणाली, "मी इथे सुरक्षित म्हणून दिला होता गं." गव्हाची बशी तशीच टेबलावर राहिली.

पिंपे त्याच दुपारी बाहेर गेली. मिलोयेने खाली मान घालून एकट्याने ती ओढली. बाईंनी गळ्याला मफलर गुंडाळून स्वतः खिडकी उघडली. हळूहळू माझा काटा खाली आला. तेव्हा दोघांना कळले की मी अडकलो नव्हतो. मी खरा ठरलो, पण त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

आता बाई रोज सकाळी माझ्यापाशी येतात, टिचकी मारतात. पुढच्या हिवाळ्यात मावशी पुन्हा आली. फोटोत चेहऱ्याच्या जागी उरलेल्या पांढऱ्या डागाखाली आत्याचा हात धरणारा आईचा हात अजून आहे. मावशीने त्यावर बोट ठेवले. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"हे घड्याळ कसलं गं?"

"हवेतली ओल दाखवतं, मावशी. काटा वर गेला की फोटोंना धोका."

"अस्सं. मग गेल्या वर्षी काय दाखवत होतं?"

बाईंनी खाली मान घातली.

मित्रांनो, कोबी नासायच्या आधी जपायचा असतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होते. तुमच्याही घरी आजी-आजोबांचे फोटो असतील, भिंतीच्या ओलीत किंवा स्वयंपाकघराच्या वाफेत. आज उठून त्यांना कोरड्या जागी ठेवा. मावशीसारखे कोणी तुमच्या दारात उभे राहून हाच प्रश्न विचारील, तेव्हा तुम्हाला खाली मान घालावी लागू नये.