साडेतीन मीटरचं शीड

पुनमने डोलकाठी शिडाच्या बाहीत सरकवली, तेव्हा तानुबाईने त्या कापडाची कड चिमटीत धरून ओढून पाहिली. कापड जराही ताणलं नाही. नखाचा ओरखडाही उठला नाही.

“फाटत नहीं का हाई?”

“फाटू नये म्हणूनच असं बनवतात, आई.”

“फाटनं पायजे,” तानुबाई म्हणाली.

पुनम हसली, पण तानुबाईने ते थट्टेत म्हटलं नव्हतं. केळीचं पान फाटतं म्हणून झाड उभं राहतं. अखंड पान झाडालाच घेऊन आडवं होतं. तीस वर्षं बागेत काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

तापीच्या बंधाऱ्यामागे पाणी भरून आलं होतं. काठावरच्या गवतात दोन शिडं पसरलेली होती, एक साडेपाच चौरस मीटरचं, एक साडेतीनचं. शेजारी शीड बसवून वर उभं राहायची रुंद, पांढरी फळी. तिच्या शेपटाकडे १६० हा आकडा छापलेला होता. हे लिटर आहेत, असं पुनमने मघाशी सांगितल्यावर तानुबाईने विचारलं होतं,

“इतलं पानी भरतस कोठे?”

“भरत नाहीत गं. पूर्ण दाबली तर ही तेवढं पाणी बाजूला सारते. माझं वजन पन्नास. म्हणजे मला घेऊन सहज तरंगते.”

शिरपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी तीन महिने इथे शिकत होती. आज तिला पहिल्यांदा एकटीने मधल्या पिवळ्या पिंपापर्यंत जाऊन परत यायचं होतं. ते जमलं तर पुढच्या महिन्यात शिबिराला नाव जाणार होतं. तानुबाई बघायला आली होती. खरं म्हणजे, अडवता आलं तर अडवायला आली होती.

शिकवणाऱ्या अतिकसरांनी वारा मोजायचं लहान यंत्र डोक्यावर धरलं.

“ताशी अठरा किलोमीटर. मोठं शीड घे.”

“धाकलं ले,” तानुबाई म्हणाली. “त्याना काय भरोसा.”

“अक्का, लहान शिडाने ती पडणार नाही. पण वारा कमी झाला तर हलणारही नाही.”

तानुबाईने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. तिने मोठ्या शिडावर पाय ठेवला. पुनमने आधी सरांकडे पाहिलं, मग शिडावरच्या आईच्या पायाकडे.

“लहानच घेते, सर. आईला वारा माझ्यापेक्षा जास्त कळतो.”

पिंपापर्यंत ती नीट गेली. नारिंगी जाकीट, त्यावर झुकलेलं शीड. वळताना एकदा पडली, फळीवर चढली, दोरीने शीड पाण्यातून वर ओढलं. पुनम उभी राहिली आणि त्याच वेळी पाण्यावरच्या बारीक सुरकुत्या गेल्या. पाणी सपाट झालं.

वारा पडला होता.

पुनम शीड इकडे तिकडे फिरवून पाहत होती. ते लुळं लोंबत होतं. मग पश्चिमेकडून बंधाऱ्याचा भोंगा वाजला. लांबलचक.

“काय व्हयनं?”

“वरून पाणी वाढलंय. दारं उचलतायत, सगळं पाणी तिकडे ओढलं जाणार.” सर बोलता बोलता बंधाऱ्यावर फोन लावत होते. पलीकडचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. “दारं परत खाली घेतायत, अक्का. वीस मिनिटं लागतील.”

ते धावत मोटारबोटीकडे गेले. दोरी ओढली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा ओढली.

तानुबाईने पिंप आणि नारिंगी जाकीट यांच्यामधलं पाणी पाहिलं. मघा ते हातभर दिसत होतं, आता दोन हात. पिंप नांगरलेलं होतं. म्हणजे सरकत होती ती पुनम, बंधाऱ्याकडे. तीही समजली असावी. शीड टाकून ती फळीवर पालथी झाली होती आणि दोन्ही हातांनी पाणी मारत होती. अंतर तरीही वाढतच होतं.

“मोठं शीड असतं तर एवढ्याशा वाऱ्यातही थोडी तरी हलली असती,” सर पुटपुटले. त्यांना ते तानुबाईला ऐकवायचं नव्हतं. तिला ऐकू आलं.

ती गवतात खाली बसली.

केळीचे घड निसवले, झाडाबाहेर आले, की त्यांच्या घरात वाऱ्याचं नाव कोणी घेत नसे. ‘तो’ म्हणायचं. तो येऊ नये म्हणून दर शनिवारी मारुतीला नारळ. गेल्या वर्षी तो दहा मिनिटं आला आणि चारशे झाडं घडांसकट झोपवून गेला. यंदाचे घड आठ दिवसांत कापणीला येणार होते. बाग सहा किलोमीटरवर, पश्चिमेला. इथे येणारा वारा आधी त्यांच्या बागेवरून येणार होता.

नारिंगी ठिपका आता पिंपापासून खूप लांब गेला होता. हात हलताहेत की थांबले, ते दिसेना.

तानुबाईने पश्चिमेकडे तोंड केलं. पदर डोक्यावरून घेतला.

“वारा,” ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. “वारा, ये. ये ना रे बाप्पा. जसा येशी तसा ये.”

सर दोरी ओढत होते. इंजिन खोकत होतं. बराच वेळ दुसरं काहीच झालं नाही.

मग तिच्या कपाळावरचे केस हलले. पाण्यावर पश्चिमेकडून एक काळपट पट्टा सरकत आला. तो आला तो झुळूक म्हणून नव्हे. काठावरची बाभूळ वाकली. पट्टा पुनमपर्यंत पोहोचला तेव्हा ती गुडघ्यांवर होती, मग शीड वर ओढत उभी. लहान शीड एकदम भरलं, ती मागे रेलली आणि फळी काठाकडे वळून पाणी कापत सुटली.

“मोठं शीड असतं तर त्याने आता फेकलं असतं तिला,” सर म्हणाले आणि हातातली दोरी सोडून मटकन खाली बसले.

तानुबाई कमरेइतक्या पाण्यात गेली होती. पुनमने शीड सोडलं, फळी तानुबाईच्या पोटावर येऊन आदळली. आईने जाकिटाचे पट्टे दोन्ही मुठींत धरले. दातावर दात आपटत होते. कोणाचे ते कळत नव्हतं.

“आई, नशीब. वारा आला.”

“हा,” तानुबाई म्हणाली.

काठावर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. पुनमला पट्ट्याने ओढत तिने काठ गाठला आणि ओल्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून, बागेतून, तिचा नवरा झुलाल ओरडून बोलत होता; त्याच्यामागे नुसतं घोंगावणं.

“पुनमनी माय, तो ऊना! खालनी ओळ बठ्ठी पडनी. तुमना तथा बी ऊना का?”

“ऊना.”

“पोर कोठे शे?”

“ई गयी पोर. मना हातमा शे.”

फोनमधून एक झाड मोडल्याचा ओला, जड आवाज आला. मग दुसरं. तानुबाईने फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि दुसऱ्या हातातला जाकिटाचा पट्टा सोडला नाही.