चुकलेले वडील

वेलांटीकाकांनी मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवले आणि 'वडिल' या शब्दाभोवती लाल गोल काढला. गोल जरा वाकडा आला. त्यांनी तो पुसला आणि पुन्हा काढला, कारण दुसऱ्याची चूक दाखवायची तर आपला गोल तरी गोल हवा, असा त्यांचा बाणा होता.

विजेच्या खांबावर चिकटवलेल्या एका कागदाचा फोटो कुणीतरी त्यांना पाठवला होता. 'माझे वडिल हरवले आहे. शर्टचे बटन नेहमी चूकीचे लावतात. कूणाला दिसल्यास त्वरीत कळवा.' मजकुराच्या वर एका म्हाताऱ्याचा चेहरा, खाली फोन नंबर. काकांनी चेहरा आणि नंबर दोन्ही कापून टाकले. कुणाचे नाव-गाव उघडे पाडायचे नाही हा त्यांच्या पेजचा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत काका कडक होते. उरलेल्या मजकुरावर एकामागून एक गोल पडत गेले. शेवटी त्यांनी वर लिहिले, 'आधी दीर्घ वेलांटी शोधा, मग वडील सापडतील!' आणि फोटो पेजवर टाकून दिला.

सारे आयुष्य त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासण्यात घालवले होते. वेलांटी हे नाव तिथेच पडले. निवृत्त झाल्यावर घरात त्यांना कुणी विचारत नव्हते असे नाही. पण दूध आणलेत का, नळ बंद केलात का, एवढेच विचारत. मग सुनेने त्यांना 'लाल गोल' नावाचे पेज काढून दिले, आणि काकांच्या अंगात पुन्हा जीव आला. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, शाळांच्या सूचना, कुणाचेही काहीही चुकलेले दिसले की लोक ते काकांकडे पाठवत. काका गोल काढत आणि लोक पोट धरून हसत.

दोन दिवसांत त्या कागदाने कहर केला. काका बैठकीत बसून प्रतिक्रिया वाचत होते. 'काका, काय हाणलाय!' 'वडील नाही, हा शाळेतच हरवला होता.' एकाने लिहिले होते, 'असल्या मुलाचे वडील पळूनच जाणार'. त्या वाक्याला पूर्णविराम नाही, एवढे काकांच्या लक्षात आले.

समोर काकू मटार सोलत बसल्या होत्या.

"काय हसताय एवढं गालातल्या गालात?"

काकांनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून सगळे वाचले.

"सापडले का?"

"कोण?"

"अहो, कोण काय? त्याचे वडील."

"ते मला काय ठाऊक?"

"फोटो कुठंय त्यांचा?"

"कापला. उगाच कुणाची शोभा नको."

"आणि नंबर?"

"तोही."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे एवढ्या जणांनी हे बघितलं. आणि त्यातल्या कुणाला ते दिसले असते, तरी कळवायची सोय नाही."

"अगं, हे शुद्धलेखनाचं पेज आहे."

"ते कळलं मला. मूळचा फोटो दाखवा बघू."

काकांनी जरा नाखुशीनेच तो शोधून काढला. काकूंना देण्याआधी त्यांची नजर चेहऱ्यावर गेली आणि मोबाइल हातातच राहिला.

हा चेहरा त्यांनी काल सकाळीच पाहिला होता. बसस्टॉपच्या बाकावर. लायब्ररीत जायला निघालेले काका बसची वाट पाहत उभे होते आणि शेजारी हा म्हातारा बसला होता. सदऱ्याची बटणे एक घर सोडून लावलेली, त्यामुळे कॉलरचे एक टोक वर आणि एक खाली. काकांना राहवले नव्हते. "आजोबा, बटणं चुकलीयत तुमची," असे ते म्हणाले होते. म्हाताऱ्याने खाली पाहिले आणि शहाण्या मुलासारखी एकेक बटण काढायला सुरुवात केली. बोटे थरथरत होती. मग काकांनीच वाकून सगळी बटणे नीट लावून दिली आणि कॉलर सारखी केली. "आता कसं!"

म्हातारा हसला होता. "घरी चाललोय. इकडूनच जायचं ना?"

तेवढ्यात बस आली. "हो हो, इकडूनच," असे म्हणून काका चढले होते.

तो कागद त्यांनी शब्द न् शब्द तपासला होता. 'बटन नेहमी चूकीचे लावतात' या ओळीत त्यांना बटण दिसलेच नव्हते. दिसला होता तो फक्त 'चू'.

काकांनी अडखळत सगळे सांगितले. काकूंनी मटारांचे ताट बाजूला ठेवले.

"फोन लावा आधी."

पलीकडे कुठेतरी पत्र्यावर हातोडा पडत होता. मग तो थांबला.

"हॅलो, ते वडिलांबद्दल कागद लावला होता ना—"

"सापडले, काका." आवाज सपाट होता. "काल संध्याकाळी. कालव्यात."

दुःखात माणूस कुणाशीही बोलतो, तसा तो मुलगा बोलत राहिला.

"काल सकाळपर्यंत चांगले होते हो. पुलावरच्या भाजीवाल्या बाईनं बघितलं त्यांना. माझा कागद तिच्या गाडीलाच लावलेला. म्हणाली, चेहरा तसाच वाटला, पण कागदात बटणं चुकलेली लिहिलंय आणि यांची तर नीट होती. तिला वाटलं, दुसरंच कुणीतरी. आई गेल्यापासून बाबांना एकदाही बटणं नीट लावता आली नाहीत. त्याच दिवशी कशी लागली, कळत नाही मला. तुम्ही कोण बोलताय?"

"मी... तुमचा कागद वाचला होता."

"बरं. वाचलात, तेच पुष्कळ."

फोन बंद झाला. काकांनी वर पाहिले.

"बटणं मी लावली गं," ते म्हणाले.

काकू ताट उचलून आत गेल्या.

काकांनी पेजवरून तो फोटो काढून टाकला. पण त्याला आता पाय फुटले होते. ज्याच्या त्याच्याकडे तो पोहोचला होता, लाल गोलांसकट आणि काकांच्या त्या ओळीसकट. लाज वाटणे म्हणजे काय हे त्यांना या वयात नव्याने कळत होते.

दुपारी पेजवर एक निरोप आला. 'सर, खांबावरचा तो कागद माझा होता. लोक खुप हसले. वडील दीर्घ असतं हे आता जन्मात विसरणार नाही. उद्या आमच्या चौकात बाबांचा बोर्ड लावायचा आहे. त्यात चूक नको. एवढं बघून द्याल का?'

सकाळी फोन करणारा आणि हे सर एकच, हे त्याला माहीत नव्हते. निरोपातल्या 'खुप'वर काकांची नजर अडकली नाही. त्यांनी खालचा मजकूर वाचला.

'माझ्या वडीलांचे दुःखद निधन झाले. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. शोकाकुल कुटुंब.'

दुःखद विसर्गासकट होते. शांती बरोबर होती. त्याने एकेक अक्षर कुणाकुणाला विचारून लिहिले असणार. चूक एकच होती. वडील या शब्दात 'डी' दीर्घ. पण त्याला प्रत्यय लागून 'वडिलांचे' झाले की ती ऱ्हस्व होते. आणि ही चूक त्याची नव्हती. काकांनी चारचौघांत शिकवलेला धडा त्याने घट्ट धरून ठेवला होता.

काकांनी नियम लिहायला घेतला. 'प्रत्यय लागल्यावर उपान्त्य' इथपर्यंत लिहून ते थांबले. पुन्हा एकदा आपण कुणाची तरी बटणे नीट करतोय, असे त्यांना वाटले. त्यांनी सगळे पुसले आणि लिहिले, 'बरोबर आहे. एकही चूक नाही.'

इतक्या वर्षांत मुद्रितावर खोटी सही त्यांनी कधी केली नव्हती. लगेच उत्तर आले, 'आभारी आहे सर.' काकांनी मोबाइल उलटा ठेवला. एवढे तरी आपण त्याच्यासाठी केले, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मोबाइल वाजला. पेजच्या एका चाहत्याने चौकातल्या बोर्डाचा फोटो पाठवला होता. 'वडीलांचे' या शब्दाभोवती त्याने आधीच लाल गोल काढला होता. गोल सुबक होता. खाली लिहिले होते, 'काका, याचे वडील पुन्हा चुकले!'

काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. अक्षरे पडद्याबाहेर गेली. चेहरा आला, मग गळा, मग सदरा. मुलाने कागदावरचाच जुना फोटो वापरला होता, पण या वेळी पूर्ण. वरचे काज रिकामे होते आणि तिथून खाली प्रत्येक बटण एकेक घर चुकलेले होते.

"काय आलंय?" काकू त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. "चूक आहे का काही?"

काका बटणांकडे पाहत राहिले. हातातला मोबाइल पुन्हा वाजला.

'टाकताय ना, काका? लोक वाट बघतायत.'