मागितला पायना, आला पाना

मित्रांनो, मी एक जुना रोड रोलर आहे, वाफेवर चालणारा. या, जवळ या, घाबरू नका. आता माझ्या पोटात ना कोळसा आहे ना पाणी. चिमणीत साळुंक्यांनी घर केलंय आणि माझ्या पुढच्या चाकावर पोरं घसरगुंडी खेळतात. खेळू देत बापडी! पण एके काळी मी शिट्टी मारली की अख्खा बाजार दारात येऊन उभा राहायचा, हे मात्र ध्यानात असू द्या.

भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. शेजारच्या एका लहानशा नगरपालिकेने मला विकत घेतलं. तिचं नाव सांगत नाही, तिच्या नातवंडांना उगाच लाज नको. आधी विहिरी खोदायच्या की आधी रस्ता करायचा, यावरून म्हणे सभेत चांगलीच जुंपली होती. शेवटी हात वर झाले, रस्ता जिंकला आणि मी आलो. अध्यक्ष दयारामजींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी असा काही फुगलो की विचारू नका.

ती सगळी हवा कारखाना पाहिल्यावर गेली. अबब! केवढ्या त्या भट्ट्या, केवढ्या त्या क्रेन! रसरशीत लाल लोखंड पाण्यासारखं वाहत होतं. मी स्वतःला मोठा वजनदार समजत होतो, पण माझ्यासारखे कितीतरी त्या भट्टीने एका घासात गिळले असते. एवढंसं माणूस, त्याला दोनच हात, आणि त्याने हे उभं केलं? मी शिट्टी वाजवायचीसुद्धा विसरलो. माझा ड्रायव्हर फकिरा मला थोपटत म्हणाला, "काय रे, गार पडला का तू?"

आमचं काम होतं गावापासून कारखान्यापर्यंत रस्ता बांधायचं, कोहका गावच्या शेतांच्या कडेने. गिट्टी फोडायला आणि घमेली वाहायला बायकांची टोळी होती. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या. कुणाचा नवरा कारखान्यात, कुणाचा रेल्वेत. नुकताच त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला होता. सकाळी एकमेकींना 'जय भीम' घालून कामाला लागत. त्यांची म्होरकी पंचफुला. जिभेची तिखट आणि कामाला वाघीण! तिची रांगती पोर दुर्गा रोज तिच्यासोबत असायची.

सुरुवातीला लेकरांच्या झोळ्या रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडांना टांगलेल्या असत. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडं गेली. उन्हाळा तर असा की माझ्या पत्र्यावर भाकरी भाजली असती. दुपारच्या सुट्टीत मी उभा राहिलो की बाया लेकरांना माझ्या सावलीत निजवायच्या. मला तर आजोबा झाल्यासारखं वाटायचं. पण सावली सरकते, मित्रांनो, आणि लेकरंही तिच्यामागे सरकतात.

एका दुपारी दुर्गा रांगत रांगत माझ्या पुढच्या चाकासमोर आली. फकिराला ती दिसली नाही. त्याने वाफ सोडली आणि मी हललो. मला सगळं कळत होतं, पण थांबणं काही माझ्या हातात नव्हतं. पंचफुलाने फोडलेली किंकाळी अजून माझ्या पत्र्यात घुमते. फकिराने दांडा मागे ओढला आणि पोरीपासून वीतभर अंतरावर मी थांबलो. ती माझ्याकडे बघून हसली.

पंचफुलाने पोरीला उराशी धरलं आणि घमेलं भिरकावून दिलं.

"काम बंद! आमाले लेकरायसाठी पायना पायजे. त्याच्यावर छप्पर पायजे, सांभायाले एक बाई पायजे. तवाच हात लावू गिट्टीले!"

या बायका 'ळ'चा 'य' करतात. पायना म्हणजे आपला पाळणा. पण मुकादम टिकाराम होता रायपूरकडचा, मराठी फारसं न कळणारा. तो सायकलवरून धापा टाकत आला आणि एक पाय जमिनीला टेकवूनच म्हणाला, "क्या चाहिए?" पंचफुलाचा राग अजून उतरला नव्हता. ती एवढंच ओरडली, "पायना! पायना पायजे, बस!" त्यातच माझी वाफ फुसफुसत होती. टिकारामने मान डोलावली आणि सायकल वळवली.

काम बंद म्हणून मला नगरपालिकेच्या आवारात, सभागृहाच्या खिडकीखाली आणून उभं केलं. त्यामुळे पुढची सभा मी या कानांनी ऐकली.

"औरतों को पाना चाहिए," टिकारामने सांगितलं.

पाना! नट-बोल्ट आवळायचा! सभासद एकमेकांकडे पाहू लागले.

"रोलर ढिला झाला असंल," धान्याचे व्यापारी शेषराव म्हणाले. "बाया भ्यायल्या असतील."

"फकिराने फूस लावली," दुसरा म्हणाला. बराच खल झाला. अखेर उत्तम प्रतीचा एक मोठा पाना घेण्याचा ठराव एकमताने पास झाला. आणि तो पाना आला, मित्रांनो, लाल फीत बांधून आला!

"हे काय होय?" पंचफुलाने विचारलं.

"पाना. तुमनेच तो मांगा था," टिकाराम म्हणाला.

फकिरा हसत हसत खालीच बसला. बायाही पदर तोंडात कोंबून हसल्या. पंचफुलाही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "एवढे शिकलेले लोक बसले होते. बायायले पाना कावून पायजे, हे एकालेबी इचारावं वाटलं नाई?"

पुढच्या सभेला त्या सगळ्या लेकरं कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. पंचफुला पुढे झाली. "साहेब, पाना नाई. पायना." तिने दोन्ही हातांची झोळी करून हलवून दाखवली. सभागृह खो खो हसलं. दयारामजी मात्र ओशाळले.

तेवढ्यात शेषराव उठले. "पाळण्याचा खर्च, छपराचा खर्च, वरून सांभाळणारीचा पगार! त्यापेक्षा सरळ नियम करा, कामावर लेकरू आणायचं नाही. फुकटात काम होते."

दोन-चार माना डोलल्या. नियम झाला तर या बायांनी काय करायचं? लेकराला घरात कोंडून यायचं, नाहीतर रोजीवर पाणी सोडायचं.

पंचफुलाने एक क्षण शेषरावांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "बरं साहेब. करा नियम. आमी गिट्टी फोडाले जातो. लेकरं कामावर नाई नेत, तुमचाच नियम हाय."

आणि तिने दुर्गाला दयारामजींच्या मांडीवर ठेवलं. दुसरीने आपलं लेकरू शेजारच्या सभासदाला दिलं. बघता बघता सगळ्या मांड्या भरल्या आणि बाया पाठ फिरवून चालत्या झाल्या. मागे वळून न पाहणं त्यांना किती जड जात होतं, ते खिडकीबाहेरून मी पाहिलंय.

मग काय! एकाने भोकाड पसरलं, त्याचं ऐकून बाकीच्यांनी. कायदे करणारे, कर बसवणारे, भल्याभल्यांना दारात ताटकळत ठेवणारे लोक कडेवर पोर घेऊन येरझारा घालू लागले. एक जण कागदाचा पंखा करून वारा घालत होता. शेषरावांच्या वाट्याला सगळ्यात रडकं आलं होतं. त्यांच्या धोतराचं काय झालं ते सांगत नाही. पण त्यांनी त्या पोराला खांद्यावर टाकलं, थोपटलं, काहीतरी गुणगुणले आणि हळूहळू ते पोर झोपलं. एकेक करत सगळीच निजली.

कुजबुजत्या आवाजात दयारामजी म्हणाले, "पाळणे, छप्पर आणि पगारी बाई. ठराव मताला टाकतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी लेकरू खाली ठेवून हात वर करावा."

खाली उघडी फरशी होती. शेषरावांनी फरशीकडे पाहिलं, खांद्यावरच्या झोपलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा एक हात हलला खरा, पण तो लेकराच्या डोळ्यांवर सावली धरायला. ठराव एकमताने पास झाला. देवाशपथ सांगतो, भट्टीतून वाहणारं लोखंड पाहून मी जितका थक्क झालो नव्हतो, तितका त्या घटकेला झालो.

मग चाकांवरचं पत्र्याचं छप्पर तयार झालं, आत झोळीचे पाळणे. सांभाळायला तुळसाबाई नावाची म्हातारी नगरपालिकेच्या पगारावर आली. ती गाडी माझ्यामागे जोडली आणि आमचा रस्ता कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला. मग डिझेलचे रोलर आले आणि मला इथे कोपऱ्यात आणून ठेवलं. पाळणागाडी कधी भंगारात गेली, मला कळलंही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायची रीत आहे. माझ्यावर रंग चढवा किंवा नका चढवू, माझं काही अडत नाही. पण त्या समोरच्या बांधकामाकडे पाहा. रेतीच्या ढिगाजवळ फाटक्या साडीवर एक लेकरू निजलंय. त्याची आई वरच्या मजल्यावर विटा वाहते आहे. ऊन आता त्याच्या पायापर्यंत आलंय. मला हलता येत नाही. तुम्ही जा, पटकन जा.