पाटावरचा डायनामो

नवमीच्या सकाळी पेट्रोल भरून परतताना पिकअपमधला चार्जिंगचा काटा उणेकडे झुकला तो झुकलाच. दारात येऊन बॉनेट उघडलं तर जळका वास नाकात बसला. बॅटरी भरणारा डायनामो गेला होता. मेल्याला मुहूर्त सापडला तोही खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्या सोलापुरात लोखंडाला सुट्टी असते. पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. तरीही मी मंगळवार पेठेतली सगळी गॅरेजं पालथी घातली. जो तो मिस्त्री हात जोडून एकच सांगत होता, "अक्का, आज पान्याला हात लावत न्हाय. उद्या या की."

उद्या येऊन काय आरती करू? आज दिवस मावळायच्या आत मला करकंबला पोचायचं होतं. तिथल्या बायकांचा झेंडू रातोरात सोलापुरात आणला तर दसऱ्याच्या पहाटे विकला जाणार, नाहीतर त्याला कुत्रं विचारणार नव्हतं. जाताना उजेड, बॅटरीवर निभावलं असतं. येताना मात्र दिवे लावावे लागणार, आणि डायनामो नसेल तर मोहोळच्या आधीच बॅटरी मान टाकणार.

दुष्काळ सरल्यावर त्या बायकांनी पहिल्यांदाच फुलं लावली होती. गोजाबाई त्यांची म्होरकी. ती म्हणाली होती, "पोरी, बाईच्या गाडीत माल घालू नगं म्हणत्यात समदी. मी घालते. तू न्हाय आलीस तर फुलं उकिरड्यावर, आन् माझं तोंड काळं."

गाडी खरी माझ्या वडिलांची, अप्पांची. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हापासून मी चालवते, आणि तेव्हापासूनच त्यांच्या धाकट्या भावाच्या, शिवप्पाकाकांच्या पोटात दुखतं. त्यांनी अप्पांकडून कबूल करून घेतलं होतं की, पोरीच्या हातून एकदा जरी माल पडून राहिला तर स्टिअरिंग त्यांच्या मुलाच्या, मल्लप्पाच्या हातात द्यायचं. अप्पांनी मुकाट मान हलवली होती. त्या मानेचा राग माझ्या मनातून गेला नव्हता.

घरी आले तर ओट्यावर पूजा मांडलेली. पाटावर आमची सगळी हत्यारं, आणि मधोमध, गेली कित्येक वर्षं गोणपाटात गुंडाळून ठेवलेला जादा डायनामो! अप्पांनी त्याला तेल चोळून, कुंकू लावून, वर फूल ठेवलं होतं. शेजारी काका मांडी ठोकून बसलेले.

"काय म्हणतीया गाडी?" काकांनी गोड आवाजात विचारलं. "मल्लप्पाला निरोप धाडलाय मी."

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अप्पा, डायनामो पायजे."

"आज न्हाय, दाक्षू. माझ्या बापानं कदी नवमीला पाना उचलला न्हाय."

"तुमी नका उचलू. मी उचलते."

"देव कोपंल!" काका ओरडले.

"देव घरचा हाय, त्याची समजूत काढीन. गोजाबाईला काय तोंड दाखवू?"

मी पाटापुढे वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून. मग फूल बाजूला ठेवलं, डायनामो उचलला, पाने ओच्यात घेतले आणि पदर खोचला. गाडीतल्या जळक्या डायनामोचे बोल्ट गंजून बसलेले. एक सुटताना पाना निसटला आणि बोटांची सालटी निघाली. काका ओट्यावरून म्हणाले, "बघा, सुरुवात झाली." मी दात ओठ खाऊन पुढचा बोल्ट धरला. पाटावरचा डायनामो चढवला, पट्टा ताणला, अंगठ्यानं दाबून बघितला, तारा जोडल्या आणि गाडी सुरू केली.

काटा उणेकडेच.

काका खदखदून हसले. "दाखवलं की न्हाय देवानं?"

खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा डरले. डोळ्यांपुढे फुलांच्या पाट्या आणि त्यांच्याशेजारी रस्त्याकडे बघत बसलेली गोजाबाई दिसायला लागली.

"दाक्षू, इंजिन बंद कर," ओट्यावरून अप्पा बोलले. इतका वेळ ते कान देऊन बसले होते, हे मला तेव्हा कळलं. "लई दिस पडून त्यातलं चुंबक निजलंय. रेग्युलेटरवर बॅटरीच्या पॉइंटापास्नं आर्मेचरच्या पॉइंटाला तार नुसती टेकव. ठिणगी दिसली की उचल. तेवढ्या झटक्यानं ते जागं हुईल."

"अण्णा, तू बी?" काका किंचाळले.

मी तार टेकवली. ठिणगी उडाली. पुन्हा गाडी सुरू केली आणि जरा रेस दिली, तसा काटा थरथरला, मधली रेघ ओलांडून अधिककडे गेला आणि तिथेच राहिला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. आनंदानंच रडले, त्यात लाजायचं काय?

मग पाटावरची उरलीसुरली हत्यारंही गोळा केली आणि सीटखालच्या पेटीत टाकली. वाटेत काही निघालं तर हाताशी असावीत. काकांनी कपाळावर हात मारला. "पाट रिकामा केला पोरीनं! आता पूजा कशाची?"

अप्पा उठले. हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि चाचपडत गाडीपाशी आले. गरम बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले.

"अण्णा, पूजा टाकून कुटं निगालास?"

"हत्यारं गाडीत हायती, म्हंजी पूजा बी गाडीतच की," अप्पा म्हणाले. "रिकाम्या पाटाला हात जोडत मी हितं कशाला बसू? आन् मल्लप्पा आला तर सांग त्याला, शिवप्पा. चावी माज्या लेकीकडं हाय."