डेटलेफ सुटून आला

डेटलेफ दुकानात शिरला आणि फ्रीडाबाईंच्या छातीत धस्स झालं. महिनाभर गेस्टापोच्या कोठडीत असलेला माणूस असा भरदुपारी, दाढीबिढी करून, हॅम्बुर्गच्या रस्त्यावर मोकळा कसा? त्या लांडग्यांच्या तावडीतून कुणी फुकट सुटतं का?

हिटलरविरुद्धची पत्रकं बाईंच्या दुकानातच होती, प्रार्थनेच्या पुस्तकांच्या खोक्यात, अगदी तळाशी. ती आणून ठेवली होती याच डेटलेफनं. आणि "सुटून आलेल्याशी कुणी बोलायचं नाही, मग तो मी का असेना," हा दंडकही त्याचाच. घ्या आता!

"अहो बाई, ती पत्रकं द्या," तो म्हणाला. केवढ्यानं बोलत होता मेला! शिवाय एरवी 'ए फ्रीडे' म्हणणारा आज अहोजाहो करत होता.

बाईंना काही सुधरेना. हा फितूर असेल तर पत्रकं दिली की मान गेलीच. आणि पत्रकं हलवून आपल्याला खरंच वाचवायला आला असेल तर? न देऊनही मान जायचीच. इकडे आड, तिकडे विहीर.

"कसली पत्रकं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "पुस्तक घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालते व्हा!"

तो हलेना. नुसता बघत राहिला. विनवतोय की दटावतोय, देव जाणे. कुणी निर्दोष बाई अशा वेळी काय करेल? त्यांनी सरळ फोन उचलला आणि पोलिसांना सांगितलं, "एक माणूस सरकारविरोधी पत्रकं मागतोय. लवकर या!"

फोन खाली ठेवेपर्यंत दोन साध्या वेशातले इसम आतच आले. बाहेरच उभे होते ते. एकानं डेटलेफचा दंड धरला.

"शाबास, बाई!" दुसरा हसत म्हणाला. "सकाळपासून फिरवतोय आम्हाला हा. म्हणे, पत्रकं कुठल्या दुकानात ठेवली ते आठवत नाही. गावातलं पुस्तकांचं एकेक दुकान झालं, हे शेवटचं. सगळ्यांनी नुसतं हाकललं हो याला. पकडून देणाऱ्या तुम्ही एकट्याच."

बाई आ वासून डेटलेफकडे बघत राहिल्या. त्यानं मान वर केली नाही.

"आता... आता याचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आता काय, दुकानं संपली, खेळ संपला," तो हसणारा इसम म्हणाला. "उद्या सकाळी फाशी."