शेवटच्या हिरवळीचे टक्कल

बोथट पात्याखालून गेलेल्या गवताचे टोक कापले जात नाही, फाटते; आणि दुसऱ्या दिवशी पांढुरके पडते. मित्रांनो, आमच्या गोल्फ क्लबाच्या शेवटच्या हिरवळीवरची ती पांढुरकी टोके म्हणजे माझी करामत. मी तिथले गवत कापायचे जुने यंत्र आहे.

नवे होते तेव्हा माझे फार कौतुक होई. माळीणबाई मला पुसून ठेवत, वेळच्या वेळी धार लावत. मी फिरून गेले की हिरवळ अशी दिसे, की सभासद बूट झटकून मगच तिच्यावर पाय ठेवत.

मग अध्यक्षसाहेब आणि त्यांचा मेहुणा यांचे रविवारचे सामने सुरू झाले. मेहुणा हसतखेळत जिंके. अध्यक्षांचा चेंडू, ज्यात तो पडायला हवा त्या खळग्याच्या अलीकडे थांबे आणि ते फर्मावत, "गवत अडवतंय. आणखी बारीक कापा." माझे पाते खाली उतरे. पुढच्या खेपेला चेंडू खळग्याच्या पलीकडे जाई. तेव्हाही दोष गवताचाच, आणि पाते आणखी खाली. शेवटी मी गवत सोडून माती खरवडू लागले. माझी धार गेली आणि हिरवळीला टक्कल पडले.

ही हिरवळ एक हंगाम बंद ठेवा, मुळांना दम घेऊ द्या, असे माळीणबाई सांगून थकल्या. अध्यक्ष दर बैठकीत "बघू" म्हणत. हरणाऱ्यानेच मैदान बंद केले, तर मेहुणा बहिणीसमोर काय काय बोलेल, याची त्यांना धास्ती होती. अखेर सगळे खापर माझ्यावर फुटले आणि भंगारवाल्याला निरोप गेला. मित्रांनो, तेव्हा मी थरथरले. पण इंजिन चालू असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या रविवारी मी हिरवळीच्या कडेला भंगारवाल्याची वाट पाहत उभे होते. अध्यक्षांनी चेंडू अगदी हळूच ढकलला. तो खळग्याला वळसा घालून टकलावरून घसरत गेला, तो थेट शेजारच्या तळ्यात. मेहुण्याचाही त्याच्यामागोमाग गेला. दोघे काठावर उभे राहून पाण्यातले बुडबुडे पाहू लागले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "मी हरत जाऊ का? निदान गवत तरी वाचेल."

माळीणबाईंनी हसू लपवायला तोंड फिरवले. मित्रांनो, यंत्राला धार लागते आणि गवताला उसंत लागते, हे मीही सांगितले असते. पण मला विचारतो कोण?

अध्यक्षांनी हातातली काठी पिशवीत ठेवली.

"बाई, भंगारवाल्याला परत पाठवा, यंत्राला धार लावून घ्या. आणि गवत भरेपर्यंत ही हिरवळ बंद. मलासुद्धा."